परीक्षेची भीती कमी झाली, पण नेमकी कशामुळे?

मानसशास्त्राच्या प्रबंधांत एक आराखडा हमखास भेटतो. परीक्षा-चिंतेची चाचणी घ्यायची, सर्वाधिक गुणांचे, म्हणजे सर्वात जास्त चिंता असलेले तीस विद्यार्थी निवडायचे, शिथिलीकरणाची सत्रं घ्यायची आणि पुन्हा चाचणी. गुण उतरतात, उपाय यशस्वी ठरतो. पण काहीच केलं नसतं तरी ते उतरलेच असते.

गणित मांडून पाहा. सगळ्यांची सरासरी ५०, निवडलेल्यांची ७०, चाचणीची पुनर्चाचणी विश्वसनीयता (तीच चाचणी पुन्हा घेतल्यावर गुण किती जुळतात याचं माप, पूर्ण जुळणी म्हणजे १) ०.७. दुसऱ्या खेपेला निवडलेल्यांची अपेक्षित सरासरी ५० + (०.७ × २०), म्हणजे ६४. टोकाचे गुण निवडताना त्या दिवसाचा योगायोगही सोबत निवडला जातो. हेच सरासरीकडे प्रतिगमन.

म्हणून नियंत्रित गट, म्हणजे उपाय न मिळालेला तुलनेचा गट, हवाच. आधी संमती आणि पूर्वचाचणी, मग चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाच्या यादृच्छिक अंकांनी गटवाटणी. ‘अ’ तुकडीवर प्रयोग आणि ‘ब’ तुकडी नियंत्रित, ही सोय टाळा. शिक्षक आणि तासांची वेळ यांचा परिणाम उपायापासून वेगळा काढता येत नाही. नियंत्रित गटाला नुसतं बसवून ठेवू नका, तेवढाच वेळ तटस्थ विषयावर गटचर्चा द्या. नाहीतर ‘आपल्याकडे लक्ष दिलं जातंय’ एवढ्यानंही फरक पडतो. उत्तरचाचणी दोन्ही गटांची एकाच दिवशी घ्या. परीक्षा आठवड्यावर असताना एकाची आणि संपल्यावर दुसऱ्याची घेतली, तर सगळंच मुसळ केरात.

मध्यम परिणाम (डी = ०.५, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक प्रमाण विचलनाच्या निम्मा) ०.०५ सार्थकता पातळीवर (परिणाम नसताना तो आहे असं म्हणण्याची जोखीम पाच टक्के), द्विपुच्छ टी-चाचणीने (फरक कोणत्याही दिशेचा असू शकतो असं धरून दोन सरासऱ्यांची तुलना) ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात ६४ जण लागतात. पंधरा टक्के गळती धरून ७६ घ्या. तिसांचे दोन गट करून पंधरा-पंधरावर काढलेला ‘फरक नाही’ हा निष्कर्ष फारसं काही सांगत नाही.

सत्रं बुडवणाऱ्यांना विश्लेषणातून वगळण्याचा मोह होतो. वगळू नका. चिकाटीचेच उरले की यादृच्छिक वाटणी मोडली. त्यांचीही उत्तरचाचणी घ्या आणि मूळ गटातच मोजा.

विश्लेषणात सर्रास होणारी चूक अशी: प्रायोगिक गटात फरक सार्थ, नियंत्रित गटात नाही, म्हणून उपाय प्रभावी. दोन स्वतंत्र टी-चाचण्यांवरून हे ठरत नाही. गटांची थेट तुलना करा. पूर्वचाचणीचे गुण सहचल धरून सहप्रसरण विश्लेषण वापरा, म्हणजे सुरुवातीच्या गुणांतला फरक हिशेबात धरून उत्तरचाचणीची तुलना होते.

बाह्य वैधतेचं, म्हणजे निष्कर्ष इतरांना कितपत लागू पडतो याचं, थोडक्यात: एका महाविद्यालयातले, जास्त चिंता असलेले, स्वखुशीने आलेले विद्यार्थी घेतले असतील, तर शीर्षकातही तेवढंच लिहा.