पंचायतीचं लाइटबिल घेऊन ग्रामसभेत कसं जावं

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, मिरज तालुक्यातल्या एका गावात. पंचायतीची पाण्याची मोटार वर्षातून दोनदा जळून माझ्याकडेच यायची. ती जळू नये आणि पंचायतीचं लाइटबिल उतरावं म्हणून मीच भांडत बसलो, म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय. बायको अजून बोलते.

पहिल्यांदा 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत उठून मोठ्यानं म्हणालो, "गावाला सोलर पाहिजे." टाळ्या पडल्या. इतिवृत्तात एक ओळ आली नाही, कारण विषय अजेंड्यावरच नव्हता. तेव्हापासून आधी बिल काढतो, मागणी नंतर.

बिलासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही. मीटरच्या पेटीवर किंवा जुन्या बिलावर 12 आकडी ग्राहक क्रमांक असतो, तो महावितरणच्या साइटवर टाकला की बिल दिसतं. पथदिव्यांचं वेगळं, पाणीपुरवठ्याचं वेगळं. बारा महिन्यांची बिलं ओळीनं मांडा आणि आधी रीडिंग बघा. चालू आणि मागील रीडिंग महिनोन् महिने तेच असेल तर मीटर बंद आहे आणि पंचायत सरासरीचे पैसे भरतेय. मग मंजूर भार बघा, म्हणजे जोडणी किती एचपीची म्हणून कागदावर आहे ते. आमच्याकडे 10 एचपीची मोटार काढून साडेसातची बसवून बरीच वर्षं झाली होती, पण स्थिर आकार, म्हणजे युनिट कितीही जळोत दरमहा लागतो तो, जुन्याच भारावर चालू होता. भार कमी करायचा अर्ज कुणी केलाच नव्हता.

पथदिव्यांचा हिशोब कागदावर करा, तोंडी कोण ऐकत नाही. मी गल्लीबोळ फिरून दिवे मोजले, 60 भरले. 70 वॅटचा सोडियम दिवा चोकसकट साधारण 85 वॅट खातो. रात्रीचे 11 तास, 30 दिवस: 1683 युनिट. त्याच जागी 24 वॅटचे एलईडी धरले तर 475. खरी चोरी मात्र सकाळची. डीपीजवळचा खटका पाडायला माणूस दहाला यायचा, तोवर लख्ख उन्हात दिवे चालू. साडेसहा ते दहा, महिन्याला 535 युनिट नुसती सूर्याला दाखवायला! यावर इलाज सोलर नाही, पेटीत बसणारा टायमर. सोलर लागतंच, पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीनं अख्खं गाव सौर करून दाखवलंय. पण गळकी घागर आधी बुजवावी, मग विहीर खोदावी.

आता ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर, यातली एखादी गाठायची. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणून विषयाचा अर्ज त्याच्याही आधी द्या आणि पोच घ्या. ग्रामसेवकाचं पद आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, गावात मात्र अजून भाऊसाहेबच. त्यांच्याशी वैर धरू नका. कुठल्या हेडमध्ये पैसे शिल्लक आहेत ते त्यांनाच माहीत असतं. पंधराव्या वित्त आयोगातून पंचायतीला येणारा 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्याच कामाला वापरायचा होता, त्यातला निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. दिव्यांसाठी मागायचं ते अबंधितमधून. हे न बघता गेलात की "निधी नाही" ऐकून परत याल.

गणपूर्तीसाठी गावातले 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल तेवढे लागतात. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. तिथं चारजण बसून काय वाट्टेल ते मंजूर करतात. तेव्हा शंभर माणसं आणा. गणपती मंडळाची पोरं उपयोगी पडतात.

ठराव 'पथदिव्यांची सुधारणा करणे' असा लिहू देऊ नका, त्याला काही अर्थ नाही. किती दिवे, किती वॅट, कुठला निधी, कुठली तारीख, सूचक, अनुमोदक. इतिवृत्ताची नक्कल मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांत उत्तर. मला एकदाच करावा लागला, आणि सरपंच अजून चहाला बोलावतात. "माझी वसुंधरा" या सरकारी पर्यावरण अभियानात एलईडी आणि सोलरला 'अग्नी'चे, म्हणजे ऊर्जेचे गुण मिळतात, हे त्यांच्या कानावर घातलं आणि अर्धं काम झालं.

कचऱ्याचं मी बोललो नाही, बायका बोलल्या. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत विषय घेतला की तो वर येतोच. शेजारच्या अक्कांनी नेमकं सांगितलं: ओला कचरा उकिरड्यात जातो, जनावरं खातात, त्याचं काय घेऊन बसलात? ओढ्याकाठी जळतंय ते प्लास्टिक आणि डायपर. म्हणून मागणी एवढीच केली: सुक्या कचऱ्याला आठवड्यात ठरलेले दोन वार, एक पत्र्याची शेड, आणि ट्रॅक्टरची रोजची रिकामी फेरी बंद. डिझेल तिथंच वाचलं.

टायमरचं एक लक्षात ठेवा. बिनबॅटरीचा साधा टायमर लाइट गेली की मागं पडतो. तीन तास भारनियमन झालं की दिवे पुन्हा सकाळी नऊपर्यंत. आमच्या पेटीची किल्ली माझ्या दुकानात टांगलेली असते, दर सोमवारी घड्याळ लावून येतो. मोटार यंदा अजून जळलेली नाही.