जूनचा हप्ता कोण भरणार? बचत गटातल्या या चुका टाळा

गट मोडला की गावात एकच बोलणं, अमकीने पैसे खाल्ले. मी दापोलीकडच्या काही गटांच्या वह्या लिहिते, खाल्लेले पैसे त्यात क्वचितच सापडतात, बहुतेक वेळा हप्ताच चुकीच्या महिन्यात लावलेला असतो.

म्हणजे बघा, फेब्रुवारीत मासळीवाल्या काकीला दहा हजार दिले, मार्चपासून महिन्याला हजार, डिसेंबरात फिटले, कागदावर एकदम मस्त. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, हर्णै बंदरात मासळीचा लिलावच नाही तर ती पाटीत भरणार काय? दोन हप्ते थकतात, मग लाजेने ती मीटिंगलाच येत नाही, आणि ती नाही म्हणून तिची जाऊ पण नाही.

त्यापेक्षा मार्च ते मे पंधराशे घ्या, जून-जुलै नुसतं व्याज, आणि ऑगस्ट ते डिसेंबर अकराशे. दहा हजारच होतात, करून बघा. आता हेच सगळ्यांना लावू नका हां, सुकी मासळी विकणारीचा धंदा पावसातच चालतो, आणि आंब्याच्या बागेत कामाला जाणारीचा पैसा मे संपला की संपला. कर्ज देतानाच विचारायचं, तुझ्या हातात पैसा कधी असतो गं?

दुसरी चूक व्याजाची. महिन्याला शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे आधी स्पष्ट सांगा. आणि व्याज उरलेल्या रकमेवरच लावा. दहा हजार, दहा सारखे हप्ते, पूर्ण रकमेवर दर महिन्याला दोनशे धरले तर व्याज २००० होतं, उरलेल्यावर धरलं तर ११००. नऊशे रुपयांचा फरक, आणि वही लिहिणारीला बरेचदा माहीतच नसतं की आपण जास्त घेतोय.

रोकड जुळत नसेल तर अख्खी वही उलथीपालथी करू नका, शेवटची जुळलेली मीटिंग शोधा आणि तिथून पुढे या. यापुढे उठण्याआधी सगळ्यांसमोर पैसे मोजून शिल्लक मोठ्याने वाचायची, बस्स.

गणपतीच्या आधी सगळ्यांनाच कर्ज हवं असतं, चाकरमानी येणार, घराला रंग, त्यामुळे कोणाला किती ते जुलैच्या मीटिंगमध्येच ठरवा नाहीतर भांडण पक्कं.

बँकेच्या कर्जाचं म्हणाल तर नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, आणि गटाला कर्ज देताना बँका बघतात ते हेच, बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि हिशोब नियमित आहे का, आणि तेही निदान सहा महिन्यांचं. एका रात्रीत एकाच पेनाने लिहिलेलं रजिस्टर मॅनेजरला लगेच कळतं, उगाच प्रयत्न करू नका!

धंद्याचं ट्रेनिंग आरसेटीत, म्हणजे बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, फुकट मिळतं, जरूर घ्या. पण वीसच्या वीस जणी लोणची-मसाले शिकल्या तर एका वाडीत घेणार कोण? दोघी-तिघींनी शिवण, कोणी कोकम आगळ, असं वाटून घ्या. आणि तारीख एप्रिल-मेची नको, बागेत काम असतं, कोणी येत नाही, आणि आलीच तर सहीपुरती पोरीला पाठवते.