नजरेवर कॉम्प्युटर चालवायचाय? मग पडवी नको

कोकणातल्या घरात हवेशीर जागा म्हणजे पडवी; पण नजरेवर चालणारा कॉम्प्युटर तिथे मांडू नका. स्क्रीनखालची कॅमेऱ्याची पट्टी डोळ्यांवर इन्फ्रारेड प्रकाश टाकते आणि बुबुळावरच्या चकाकीवरून नजर कुठे आहे ते ओळखते. उन्हातही इन्फ्रारेड असतोच. संध्याकाळी समुद्राकडून तिरपं ऊन आलं, की कर्सर सैरभैर! त्यापेक्षा माजघर बरं. डोळे आणि स्क्रीन यांच्यात अंतर साधारण 60 सेंटिमीटर. पाठीमागची उशी सरकली तरी कॅलिब्रेशन, म्हणजे नजर आणि कर्सर यांची जुळवणी, पुन्हा करा. कंटाळा येतो, पण इलाज नाही. नजर रोखून क्लिक होण्याचा वेळ सुरुवातीला 1 सेकंद ठेवा, नाहीतर नुसतं बघितलं तरी बटण दाबलं जातं. आणि हो, खाऱ्या हवेने पट्टीवर धूसर थर बसतो, तो चष्म्याच्या कापडाने पुसत जा.