पितळी डिझेल इंजिनाला खानदेशी रूप कसं द्यावं

रेल्वे इंजिनाचं पितळेचं छोटं मॉडेल हाती आलं की पहिला मोह होतो तो रंगाचा. तो आवरा. आधी ठरवा, हे इंजिन कोणतं, कुठल्या मार्गावरचं आणि कुठल्या वर्षांतलं. भुसावळ म्हटलं की विजेची इंजिनं आठवतात. पण विद्युतीकरणापूर्वी उधना–जळगाव मार्गावर आणि चाळीसगाव–धुळे शाखेवर डिझेलच धावत असे. त्यातलं एकच इंजिन निवडा आणि त्याचे दोन्ही बाजूंचे, शक्य तर छताचेही फोटो मिळवा. भुसावळात निवृत्त ड्रायव्हर घरोघरी सापडतील. त्यांच्या जुन्या अल्बममध्ये जे मिळतं, ते छापील चित्रांत नसतं.

आपलं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन म्हणजे अमेरिकेच्या अल्को कंपनीचं घराणं. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिकडून आली आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागली. ताकद २६०० अश्वशक्ती, सिलिंडर १६. त्यामुळे अल्कोच्या सहा एक्सलच्या एखाद्या अमेरिकी इंजिनाचं पितळी मॉडेल मिळालं तर ते जवळचं नातेवाईक ठरतं. बोग्यांतली, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटींतली, तीन चाकं दोन्हीकडे सारख्या अंतरावर नसतात, ही खूणही जुळते. हुबेहूब प्रतिकृती त्यातून होणार नाही, पण ओळख पटेल इतकं नक्की होतं. बदलावं लागेल ते टोकांकडे: अमेरिकी इंजिनाला बाजूचे बफर, म्हणजे टोकाचे धक्का झेलणारे दांडे, नसतात, आपल्याकडे हवेतच. डबे जोडायचं स्क्रू कपलिंग, हेडलाइट आणि हॉर्नची जागा हेही फोटो पाहूनच ठरवा.

सोडवणं आणि साफ करणं

काही उघडण्याआधी इंजिन रुळावर चालवून पाहा. यंत्र रखडत असेल तर आधी ते दुरुस्त करा. मग मोटर, गिअर, दिवे, प्लास्टिकचं सगळं बाजूला काढा आणि प्रत्येक स्क्रू कुठला ते कागदावर चिकटवून लिहून ठेवा. बहुतेक पितळी मॉडेलांवर पारदर्शक लॅकर असतं. ते लॅकर थिनरने किंवा अ‍ॅसिटोनने, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस-विस्तवापासून लांब बसून काढा. लॅकरवर सोल्डर धरत नाही.

जोडकाम

या कामाचा जीव इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर. जळगावच्या सराफ बाजारातल्या कारागिरांकडची बारीक कानस, चिमटे, हाताने फिरवायची ड्रिल अशी हत्यारं या कामाला अगदी योग्य. त्यांची झाळ मात्र वापरू नका. सोनाराच्या चांदीच्या डागाला ६०० अंशांच्या पुढची उष्णता लागते. मॉडेलचे मूळ सांधे त्याच्या कितीतरी आधी सुटतात आणि कवच हातात सुटं येतं. सवागीही (टाकणखार) इथे निरुपयोगी, ती त्या मोठ्या उष्णतेवरच काम करते. आपल्याला हवं ते ६०-४० कथील-शिशाचं सोल्डर. ते १८३ ते १९० अंशांदरम्यान वितळतं.

पितळ उष्णता झपाट्याने ओढून घेतं. म्हणून रेडिओ दुरुस्तीचं २५ वॅटचं आयर्न पुरत नाही. ६० वॅट किंवा जास्तीचं, रुंद टोकाचं घ्या. टोक क्षणभर टेकवा, सोल्डर वाहिलं की उचला. नाजूक टोकाने बराच वेळ तापवत बसलात तर शेजारचा सांधाही ढिला होतो. शेजारच्या भागांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा. क्रमही महत्त्वाचा: बफरसारखे जड भाग आधी, पायऱ्या नंतर, आणि सगळ्यात शेवटी हँडरेल. १:८७ प्रमाणात हँडरेलसाठी ०.४ मिलिमीटरची पितळी तार योग्य दिसते. भोक पाडण्याआधी सुईने खूण करा, नाहीतर बारीक ड्रिल घसरून मोडते.

झिंक क्लोराइडचा फ्लक्स (सोल्डर धरायला लावायचं द्रव्य) वापरला असेल तर त्याच संध्याकाळी कोमट पाणी, खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश घेऊन धुवा. राहिलेला फ्लक्स पुढे रंगाखाली हिरवा होऊन फुटतो. जेवणापूर्वी हात साबणाने धुवा, शिसं आहे.

रंग

रंग धरण्यासाठी कवच पंधरा मिनिटं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग ठेवतं. म्हणून शेवटचं धुणं बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने (डिस्टिल्ड वॉटर, अ‍ॅसिड नव्हे) करा. त्यानंतर हात लावू नका. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारं अस्तर, पातळ मारा.

मे महिन्यातल्या दुपारी स्प्रे करू नका. पारा चाळीशीपार असला की रंगाचे थेंब हवेतच वाळतात आणि कवच खरखरीत होतं. पावसाळ्यात दमट हवेने लॅकर रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळी ते होळी, सकाळी धूळ उठण्याआधीची वेळ सर्वांत चांगली. छटा फोटोवरूनच जुळवा, कारण एकाच जातीच्या इंजिनांचे रंग ती ज्या इंजिन शेडची असत त्यानुसार वेगळे असत. त्यात थोडा पांढरा मिसळा. लहान आकारावर रंग गडद दिसतो.

डिकल, म्हणजे आकडे-अक्षरांचे चिकटचित्र, चकचकीत (ग्लॉस) थरावर लावा, मग वर मॅट थर.

मळ आणि धूर

अल्कोचा धूर काळाकुट्ट. धुराड्याभोवती आणि तिथून मागे छतावर काजळीचा पट्टा हवाच. चाकांजवळ ओतीव लोखंडी ब्रेक ब्लॉकची तपकिरी धूळ. पण खरी खानदेशी खूण म्हणजे आपल्या काळ्या मातीची राखाडी-तपकिरी धूळ, खालच्या भागावर. शेतातलीच माती वाळवून, वाटून मलमलीतून गाळा. मात्र आधी तिच्यातून लोहचुंबक फिरवा: बेसॉल्टच्या या मातीत चुंबकाला चिकटणारे कण असतात आणि मोटरमध्ये गेले तर ती बिघडवतात. धूळ बसली की मॅट वार्निशचा हलका थर द्या.

जुळवाजुळव

जोडताना मल्टिमीटर हाताशी ठेवा. पितळी चौकट बहुधा विजेच्या एका टोकाशी जोडलेली असते. डीसीसी डीकोडर (रुळांतून येणारे डिजिटल संदेश वाचून इंजिन चालवणारी चिप) बसवायचा असेल तर मोटरची दोन्ही टोकं चौकटीपासून पूर्ण वेगळी आहेत का ते तपासा, नाहीतर डीकोडर लगेच जळतो. बारा व्होल्टवर एलईडीला १ किलो-ओहमचा रेझिस्टर लावा.

मग सगळ्यात आवळ वळणावर अगदी हळू चालवा. थबकलं किंवा शॉर्ट झालं तर बहुतेकदा नव्या पायरीला वा बफरच्या मागच्या भागाला चाक टेकत असतं. तिथे आतून थोडं कानशीने घासा, चाकासमोरच्या जागेवर पारदर्शक नेलपॉलिशचा थर द्या आणि पुन्हा त्याच वळणावर, उलट दिशेने चालवून पाहा.