दाराकडे तोंड असलेली खुर्ची

सांगलीत मी समुपदेशन सुरू केलं तेव्हा २०१९ चा पूर ओसरून जेमतेम दोन महिने झाले होते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. नदीकाठच्या गावातल्या एक मावशी आल्या. झोप उडालेली, छातीत धडधड, पावसाची सर आली की उगीच घरभर फेऱ्या. मी एम.ए. करून नुकतीच कामाला लागलेली. शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "मावशी, डोळे मिटा आणि खोल श्वास घ्या." तिसऱ्या श्वासाला त्या ताडकन उठल्या आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "डोळं झाकलं की पाणीच दिसतंय बघा, ताई."

चूक माझी होती, आणि ती एकच नव्हती. मी त्यांना दाराकडे पाठ करून बसवलं होतं. डोळे मिटायला सांगून, खोलीत धोका नाही हे पाहून घेण्याचा त्यांचा एकमेव मार्ग मीच बंद केला. वर खोल श्वास! घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्याला 'खोल घ्या' म्हटलं की तो आणखी हवा ओढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हातापायांना मुंग्या येतात, गरगरतं. मग त्याला वाटतं, आता आपलं काही खरं नाही.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांना मी चेतासंस्था, म्हणजे मेंदू आणि नसांचं जाळं, पुस्तकातून शिकवायच्या आधी आपल्या बोलीतून शिकवते. 'तोंडचं पाणी पळालं' हे शब्दशः खरं आहे. धोका जाणवला की आपोआप चालणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेचा अनुकंपी भाग, म्हणजे लढायला-पळायला तयार करणारा भाग, जोर धरतो, लाळ आटते, हृदय धावतं, स्नायू ताठ होतात, पचन मागे पडतं. 'अंगावर काटा' आणि 'पोटात गोळा' त्याच घरातले. 'हातपाय गळाले' ही अवस्था वेगळी: लढता येत नाही, पळताही येत नाही, तेव्हा शरीर थिजतं, माणूस सुन्न होतो, विचारलेलं कानावर पडतं पण उत्तर येत नाही. आणि 'जीव भांड्यात पडला' म्हणजे शरीराला निवांत करणाऱ्या परानुकंपी भागानं पुन्हा सूत्रं हाती घेतली. क्लायंटला असं सांगितलं की तो हसतो आणि म्हणतो, "अगदी असंच होतंय." आपल्याला वेड लागलेलं नाही, शरीर त्याचं काम करतंय, हे कळल्यानंच निम्मा ताण उतरलेला मी पाहिलाय.

सुन्न बसलेल्या माणसाला 'सहकार्य करत नाही' असं नोंदवहीत लिहू नका. मी लिहिलंय, आणि त्याचं आजही वाईट वाटतं.

मेंदूतून निघून मानेतून हृदय, फुप्फुसं, पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची दहावी कपालचेता आहे. तिच्यातले बहुतांश तंतू शरीराकडून मेंदूकडे खबर नेतात. म्हणून 'काही होत नाही, शांत व्हा' हे वरून सांगणं फारसं चालत नाही. खालून, शरीराकडूनच निरोप जावा लागतो. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी कमी होते, म्हणून मी आता फक्त सोडण्यावर भर देते: चहा फुंकतो तसं हळूच फुंकत सोडा, डोळे उघडेच ठेवा. सवय झाली की चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. आणि ज्याला श्वासाकडे लक्ष दिलं की घाबरायला होतं, त्याच्याबाबतीत श्वासाचा नादच सोडा. पाय फरशीवर दाबायला सांगा, पाण्याचा थंड पेला हातात द्या, खिडकीतून काय दिसतंय ते विचारा.

पण यातलं काहीही तुमचं शरीर शांत नसेल तर उपयोगी पडत नाही. हे मला एका कॉलेजच्या मुलानं शिकवलं. लागोपाठ चार सत्रं झाली होती, दुपारचं जेवण राहिलं होतं. मी अगदी योग्य वाक्यं बोलत होते. तो मध्येच थांबून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कुठं जायचंय का?" माझा जबडा आवळलेला होता, खांदे कानाला लागले होते, वाक्यं एकामागोमाग धावत होती. त्यानं माझे शब्द नव्हे, आवाज ऐकला होता. बुजलेल्या खोंडाजवळ जाताना शेतकरी आधी स्वतःची चाल मंदावतो, मग ओळखीच्या आवाजात बोलतो, हात सगळ्यात शेवटी लावतो. आपला क्रमही तोच असावा. तेव्हापासून दोन सत्रांमध्ये मी पंधरा मिनिटं रिकामी ठेवते. त्यातून उत्पन्न कमी होतं, हे खरं आहे. तरीही ठेवा.

प्रशिक्षणांमध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन पोर्जेस यांचा पॉलिव्हेगल सिद्धांत हमखास कानावर पडेल: सुरक्षित वाटणं, लढणं-पळणं आणि थिजणं या अवस्था तो व्हेगस चेतेच्या वेगवेगळ्या शाखांशी आणि अनुकंपी भागाशी जोडतो. १९९० च्या दशकात मांडलेला हा सिद्धांत क्लायंटला समजावायला सोयीचा आहे, मीही त्याची भाषा वापरते. मात्र त्यातल्या शरीररचना आणि उत्क्रांतीविषयीच्या दाव्यांवर शरीरक्रिया अभ्यासणाऱ्यांनी गंभीर आक्षेप घेतलेत. तेव्हा तो सिद्ध झालेलं शास्त्र म्हणून सांगू नका.

आणखी एक. प्रत्येक धडधड मनाची नसते. थायरॉइड, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता हे सगळं भीतीसारखंच दिसू शकतं. सांगली-मिरजेत डॉक्टरांची वानवा नाही. आधी तपासणी करून यायला सांगा. आत्महत्येचे विचार ऐकू आले तर एकट्यानं ओझं उचलू नका, मानसोपचारतज्ज्ञांना लगेच जोडून घ्या आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरच्यांच्याही हाती द्या.

मावशी पुन्हा येतील असं मला वाटलं नव्हतं. पण पंधरा दिवसांनी आल्या. तोवर मी खुर्ची फिरवली होती, दार अर्धं उघडं ठेवलं होतं. "कुठं बसता?" एवढंच विचारलं. त्यांनी दार दिसेल अशी जागा निवडली. पुराचा विषय मी काढला नाही. त्या दिवशी आम्ही त्यांच्या म्हशीबद्दल बोललो. पुढच्या चार भेटींत कधी पाच मिनिटं पाणी, मग पुन्हा म्हैस, गोठा, सुनेचं बाळंतपण. निघायच्या आधी दहा मिनिटं फक्त एसटीची वेळ आणि संध्याकाळचा स्वयंपाक.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढू लागलं. मावशींचा फोन आला. आवाज कापत होता, तरी त्या सांगत होत्या, "जनावरं वर नेलीत, कागदं पिशवीत घातलीत. पाय भुईला टेकवून बसलेय बघा." मागं म्हैस हंबरत होती. मी फोन कानाला धरून, न बोलता, त्यांच्याबरोबर श्वास सोडत राहिले.