जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवताना (इंग्लंड)
व्हिसाच्या अर्जासोबतच हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा (एनएचएस) वापरण्याचं शुल्क, भरलेला: मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, लेकीचे ७७६. एवढे मोजूनही जीपीच्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, पत्त्याचा पुरावा आणा. आम्ही भाड्याच्या खोलीत, वीजबिल घरमालकाच्या नावावर. बँकेलाही खात्यासाठी पत्त्याचाच पुरावा हवा. घ्या!

मग एनएचएसच्या संकेतस्थळावरची माहिती छापून नेली. नोंदणीसाठी पत्त्याचा, ओळखीचा किंवा व्हिसाचा, कसलाच पुरावा सक्तीचा नाही. नकार दिला तर दवाखान्याने १४ दिवसांत लेखी कारण द्यायचं. "मग तसं लेखी द्या," एवढंच शांतपणे म्हटलं. बाई आत जाऊन आल्या आणि फॉर्म पुढे सरकवला.

औषधांचे मात्र इथे दर आयटमला वेगळे पैसे पडतात. सोळाच्या आतल्या मुलांना माफ. दातांसाठी मोठ्यांनी खिसा सांभाळूनच जावं.