दुधाच्या हिशोबाशेजारी एसीचा हिशोब

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकटीत दोन आकडे असतात. वरचा दुधाचा, दीड किंवा दोन. खालचा पेन्सिलीनं लिहिलेला, तो विजेच्या मीटरचा. रात्री दहाला एक रीडिंग, सकाळी सहाला दुसरं, आणि मग वजाबाकी. तीस वर्षं गणित शिकवलं की निवृत्तीनंतर काहीतरी मोजल्याशिवाय राहवत नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. सासूबाईंचं वय ८६. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या दिवसभर एकाच खोलीत असतात. एप्रिलमध्ये त्यांना गुदमरायला होतं आणि जानेवारीत पहाटे हातपाय वळतात. म्हणून गरम आणि थंड दोन्ही करणारा स्प्लिट एसी घेतला. तो घेताना, बसवताना आणि वापरताना ज्या चुका झाल्या, त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहिते.

आधी हे यंत्र करतं काय ते समजून घ्या, नाहीतर दुकानदार काहीही पटवतो. आपल्याकडे नदीकाठच्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळेल. पंचगंगेवरची मोटर पाणी तयार करत नाही, नदीतलं उचलून उसात नेऊन टाकते. एसी तसाच उष्णता उचलतो. उन्हाळ्यात खोलीतली बाहेर टाकतो, हिवाळ्यात आतला एक व्हॉल्व्ह गॅसची दिशा फिरवतो आणि बाहेरच्या हवेतली उष्णता आत येते. बाहेर १४ अंश असले तरी त्या हवेत उष्णता असतेच. म्हणून एक युनिट वीज खर्चून साधारण तीन ते चार युनिटांइतकी उष्णता खोलीत आणता येते. कॉइलचा २००० वॉटचा हीटर मात्र तासाला दोन युनिट खातो आणि दोनच युनिट उष्णता देतो. सासूबाईंच्या खोलीत आधी तोच होता.

तरीही सांगते, कोल्हापुरात सगळ्यांनी गरम-थंड घ्यायची गरज नाही. आपली थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ नसेल तर नुसता थंड करणारा घ्या आणि उरलेल्या पैशात चांगली रजई घ्या. घेणारच असाल तर एक लक्षात ठेवा. आपल्याकडचं स्टार लेबल फक्त थंडाव्याचं असतं. गरम करताना यंत्र किती काटकसरी आहे ते माहितीपत्रकात सीओपी या आकड्यात (एका युनिट विजेमागे किती युनिट उष्णता) बघावं लागतं. तो ३.५ च्या पुढे असला तर बरा.

आता टन. एक टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी ओढून घेण्याची ताकद. तासाला १२,००० बीटीयू (हे उष्णता मोजायचं एकक), किंवा साधारण ३.५ किलोवॉट. आमची खोली १० बाय १२ ची. दुकानातला मुलगा दोन टनावर अडून बसला होता, 'टॉप फ्लोअर आहे ना काकू'. मधल्या मजल्यावर एवढ्या खोलीला एक टन पुरतो, डोक्यावर उन्हाचा स्लॅब असेल तर दीड. त्याच्या वर जाऊ नका. इन्व्हर्टर एसी आपला वेग कमी करू शकतो, पण एका मर्यादेपर्यंतच. यंत्र गरजेपेक्षा मोठं असलं की खोली झटकन गार करून ते बंद पडतं, पुन्हा सुरू होतं. हवेतला दमटपणा ओढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि जुलैत कोल्हापुरात अंगाला चिकटतो तो दमटपणाच.

स्टारचं लेबल वाचायला मी शाळेतल्या मुलांना शिकवायला हवं होतं, इतकं ते सोपं आहे आणि इतकं कुणी वाचत नाही. त्यावर आयएसईईआर असा आकडा असतो, म्हणजे हंगामभरात एका युनिटमागे किती गारवा मिळतो त्याचं गुणोत्तर. जितका मोठा तितकं चांगलं. शेजारी वर्षाला किती युनिट लागतील तेही छापलेलं असतं, पण ते १६०० तासांच्या वापराचं. लेबलची मुदतही बघा. स्टारचे निकष मधून मधून कडक होतात, त्यामुळे जुना पाच स्टार आणि नवा पाच स्टार सारखे नसतात.

समजा पाच स्टारवर ८०० युनिट लिहिलंय आणि तीन स्टारवर १०००. फरक २०० युनिटांचा, पण १६०० तासांना. माझा भाऊ फुलेवाडीत राहतो. तो एसी लावतो फक्त रात्री, मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत. ७५ रात्री गुणिले ८ तास, झाले ६०० तास. त्याचा फरक ७५ युनिटांचा. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला साडेसातशे रुपये. पाच स्टारला ७००० जास्त मोजले तर वसूल व्हायला नऊ वर्षं! त्याला मी तीन स्टारच घ्यायला लावला. सासूबाईंच्या खोलीचं गणित वेगळं:

उन्हाळा ८० दिवस, १४ तास – ११२०
ऑक्टोबरचा उकाडा २० दिवस, ८ तास – १६०
पावसाळ्यात ड्राय मोड (हवेतला दमटपणा ओढायचा) ९० दिवस, २ तास – १८०
थंडीच्या पहाटा ४०, २ तास – ८०

बेरीज १५४०. इथे पाच स्टारला पर्याय नव्हता. दुकानात जाण्याआधी तुमचे तास असे कागदावर मांडा.

दहा रुपये मी उगाच धरले नाहीत. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. पंखे, फ्रिज, मिक्सर यांनी खालचे टप्पे आधीच भरलेले असतात. एसी त्याच्या वर येऊन बसतो. म्हणून एसीचं युनिट नेहमी वरच्या टप्प्याच्या दरानं मोजा. एकूण बिल भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढलात तर उत्तर चुकेल. बिलाच्या मागे दरांचा तक्ता असतो, त्यातला तुमचा शेवटचा टप्पा बघा.

सगळ्यात जास्त पैसे मी घालवले ते बसवण्यात. दुकानातून आलेल्या माणसानं बाहेरचं युनिट इमारतीच्या डक्टमध्ये टांगलं. तीन बाजूंनी भिंत, समोर जाळी. 'दिसायला बरं दिसतं' म्हणाला, मलाही पटलं. पहिल्याच आठवड्यात कॅलेंडरवर रात्रीचे ६.८, ७.१, ६.९ असे आकडे यायला लागले. मग माझा एक जुना विद्यार्थी आठवला. उद्यमनगरात एसी-फ्रिजचं काम करतो, दहावीला गणितात दोनदा बसला होता. आला, डक्टमध्ये हात घातला आणि म्हणाला, "बाई, ह्यो हितं गुदमरतोय की. सोडलेला गरम वारा पुन्हा ह्योच ओढतोय."

त्यानं ते युनिट उत्तरेच्या गॅलरीबाहेर लोखंडी स्टँडवर काढलं. मागे भिंतीपासून वीतभर तरी जागा, पुढे पूर्ण मोकळं. पश्चिमेला लावावं लागलंच तर वर छोटं छत करा, पण पंख्यापुढे काही नको. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा नको.

पाइप जोडताना त्यानं व्हॅक्युम पंप लावला आणि अर्धा तास तो घुरघुरत ठेवला. आधीच्या माणसानं हे केलंच नव्हतं. थोडा गॅस सोडून त्याच गॅसनं पाइपमधली हवा बाहेर ढकलली होती, पाच मिनिटांत काम संपलं. त्यात हवा आणि ओल आत राहते, कॉम्प्रेसरला जड जातं आणि वीज जास्त जाते. शिवाय नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ गॅस असतो. तो थोडा ज्वालाग्राही आहे, आणि वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट. तो असा हवेत सोडायचा नसतो. बसवायला माणूस आला की पहिला प्रश्न विचारा, "व्हॅक्युम पंप आणलाय का?" नसेल तर चहा पाजून परत पाठवा.

बाकी बारीक गोष्टी झटपट. पाइप शक्य तितका आखूड, आणि दोन्ही नळ्यांना वेगवेगळं फोम. मीटरपासून स्वतंत्र वायर, दीड टनाला ४ स्क्वेअर मिलीमीटरची तांब्याची, स्वतंत्र एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारं बटण) आणि खरोखरचं अर्थिंग. शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारमळा, दुधाळी अशा ठिकाणी तळमजल्यावर राहत असाल तर बाहेरचं युनिट जमिनीवर ठेवूच नका. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी, आणि २०१९ ला आणि २०२१ ला पाणी तिच्या किती वर गेलं ते तुमच्या भिंतीवरच्या ओलीच्या रेघेला विचारा. रेघेच्या वर बसवा.

एक गंमत राहिली. हिवाळ्यात गरम मोडवर बाहेरच्या युनिटमधून पाणी ठिबकतं, कारण तेव्हा थंड कॉइल बाहेर असतं. आम्हाला हे माहीत नव्हतं. खालच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या साड्यांना माहीत झालं. त्या युनिटच्या तळालाही ड्रेनची नळी लावून घ्या.

युनिट हलवल्यावर कॅलेंडरवर ५.२ दिसू लागले. पुढची उतरण मात्र एसीमुळे झाली नाही. रात्री नऊ वाजता स्टुलावर चढून छताला हात लावून बघा. दिवसभर ऊन प्यायलेला स्लॅब तव्यासारखा असतो आणि ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत खाली उतरत राहते. आम्ही मार्चमध्ये गच्ची घासून पांढऱ्या उष्णतारोधक रंगाचे दोन हात दिले. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा टांगला. बाहेरून, हे महत्त्वाचं. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो. दाराखालच्या फटीला सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची गुंडाळी. आणि संध्याकाळी सातनंतर वारं सुटलं की तासभर खिडक्या सताड उघड्या. आपल्या गावाचं हे वारं फुकट आहे, ते आधी वापरा आणि मग एसी लावा. आता साधारण ४.१ येतात. रोजची हवा वेगळी असते, म्हणून एका रात्रीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आठवड्याची सरासरी काढा.

चालवताना २६ वर ठेवा आणि छताचा पंखा हळू लावा. २०२० पासून स्टार असलेले एसी सुरू होताना २४ वर येतात. तिथून प्रत्येक अंश वर गेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. माझ्या आकड्यांतूनही काहीसं तसंच निघतं. बाहेरून आल्यावर १६ करून ठेवणारे आमच्या घरातही आहेत (नाव घेत नाही, पण ते पेपर वाचत समोरच बसलेत). १६ लावल्यानं खोलीचे २६ काही फार लवकर येत नाहीत, फक्त नंतर बटण फिरवायचं विसरतं.

वळवाच्या दिवशी एसी बंद. कॅलेंडरवर मेमध्ये चार-पाच चौकटींत 'वळीव' लिहिलेलं आहे आणि खाली आकडा नाही. पावसाळ्यात दुपारी दोन तास ड्राय मोड लावला की गादी आणि उशा कोरड्या राहतात. थंडीत मात्र ३० वर लावू नका, २२ पुरतात. झडपा खाली वळवा, गरम हवा आपोआप वर जाते. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं आतला पंखा फिरत नाही, आधी कॉइल तापू द्यावं लागतं. पहिल्या वेळी बिघाड समजून मी बिचाऱ्या त्या पोराला सकाळी साडेपाचला फोन केला होता.

एसी आत्ता किती वीज खातोय हे बघायला वेगळं यंत्र लागत नाही. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजचंही बटण. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी लिहिलेलं असतं की एका युनिटला किती लुकलुक, समजा ३२००. दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजा. ३६,००० ला आधी ३२०० नं आणि मग त्या सेकंदांनी भागा. पंधरा सेकंद लागले तर उत्तर ०.७५ किलोवॉट, म्हणजे त्या वेगानं तासाला पाऊण युनिट. सुरुवातीला जास्त येईल, अर्ध्या तासानं उतरलं पाहिजे. रात्री दोन वाजताही तेवढंच असेल तर जाळी तुंबली आहे, खोली गळतेय किंवा गॅस कमी आहे.

जाळी दर पंधरवड्याला नळाखाली धुवा, आमच्याकडे एकादशी हा त्याचा दिवस ठरलाय. बाहेरच्या युनिटला गुढीपाडव्याआधी एकदा पाण्याचा फवारा. गॅस 'दरवर्षी भरावा लागतो' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तो बंद नळ्यांत फिरतो, संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आधी ती जागा शोधून बंद करायची, मग भरायचा.

आणि वापर नसेल त्या महिन्यांत एमसीबी खाली करा. रिमोटनं बंद केलेला एसीही थोडी वीज घेत राहतो. शिवाय यंत्रातलं इलेक्ट्रॉनिक सर्किटचं कार्ड कोमट राहतं आणि उबेला पाली येतात. गेल्या नोव्हेंबरात एक आली होती. कार्ड गेलं, पालही गेली, आणि कॅलेंडरवर त्या दिवशी दुधाखाली दुरुस्तीचा आकडा लिहावा लागला.